दोन गंधारांचा ब्लूज

"काका, पेंटॅटॉनिक झाला. आता पुढे काय?" आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या जवाहरनगरात गिटार वाजवणारी जी मुलं आहेत, ती बहुतेक याच प्रश्नापाशी अडतात. पाचव्या फ्रेटवरचा तो चौकोन बोटांत बसलेला असतो, गणपतीत एखादा सोलोही वाजवून झालेला असतो, आणि मग लक्षात येतं की आपला प्रत्येक सोलो आधीच्या सोलोसारखाच वाजतोय. इंटरनेटवर शोधलं तर उत्तर मिळतं, मोड शिका. मग डोरियन, फ्रिजियन, मिक्सोलिडियन अशी सात परकी नावं, प्रत्येकाची पाच-पाच चित्रं, आणि महिन्याभरात गिटार पलंगाखाली.

हा लेख त्या अडलेल्या टप्प्यासाठी आहे: आधी ब्लूज, मग त्यावर मोड. आपल्याला तारा सुरात लावता येत असतील आणि चार कॉर्ड धरता येत असतील, तर एवढं भांडवल पुरे. पाश्चात्त्य संगीताचं पुस्तकी ज्ञान लागणार नाही. घरात किंवा शेजारी कुणी भजनी मंडळात पेटी वाजवत असेल तर फारच बरं, कारण मोडचं निम्मं काम पेटीवाल्याला न सांगता येत असतं.

आधी सा ठरवा

ब्लूज शिकायला ए हा स्वर सोयीचा. पेटीवर तो पांढरी सहा. गिटारच्या सहाव्या, म्हणजे सगळ्यांत जाड तारेवर पाचव्या फ्रेटला तोच सापडतो. वेगळं सांगितलं नसेल तिथे या लेखात ए म्हणजे आपला सा. गिटारवर एक फ्रेट म्हणजे अर्धा स्वर, पेटीवर शेजारची पट्टी, काळी असो की पांढरी. बारा फ्रेट झाले की सप्तक पूर्ण.

मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप घ्या, पट्टी ए ठेवा, तार सा-प ला लावा. पुढचे सगळे प्रयोग या आवाजावर करायचे आहेत. घरच्या पेटीबरोबर वाजवणार असाल तर आधी गिटार पेटीला जुळवून घ्या. जुनी पेटी ट्यूनरच्या 440 हर्ट्झला जुळेलच असं नाही.

आपल्याकडचं एक सांगून ठेवतो. मे महिन्यात भंडाऱ्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि घरोघरी कूलर चालू असतात. कूलरच्या ओल्या झोतात गिटार ठेवू नका. लाकूड कधी फुगतं, कधी सुकतं, मान वाकते, तारा उतरतात, आणि बोटं बरोबर पडूनही सूर खोटा लागतो. वाजवायला बसताना दर वेळी तारा तपासायच्याच.

पाच स्वर, आणि एक चोरटा

ए मायनर पेंटॅटॉनिक म्हणजे ए, सी, डी, ई, जी हे पाच स्वर. आपल्या भाषेत सा, कोमल ग, म, प, कोमल नि. धानी रागात हेच स्वर मुख्य आहेत. चौकोन असा: सहाव्या तारेवर फ्रेट 5 आणि 8, पाचव्या, चौथ्या आणि तिसऱ्या तारेवर 5 आणि 7, दुसऱ्या आणि पहिल्या तारेवर पुन्हा 5 आणि 8.

यात एक सहावा स्वर घातला की ब्लूज स्केल होते. तो म आणि प यांच्या मधला तीव्र म, गिटारवाल्यांचा ब्लू नोट. पाचव्या तारेवर सहाव्या फ्रेटला आणि तिसऱ्या तारेवर आठव्या फ्रेटला तो आहे. हा स्वर जाता-येता स्पर्श करण्याचा. पहिली चूक इथेच होते: नवा स्वर सापडल्याच्या आनंदात मुलं त्याच्यावर ठाण मांडतात. तीव्र म वरून लगेच म वर उतरा किंवा प वर चढा. थांबायचं ते त्या दोघांवर.

दुसरी चूक जास्त खोलवर रुजलेली असते. स्केल वर-खाली वाजवण्याचा सराव हाताला इतका लागतो की सोलोही तसाच निघतो, खालून वर, वरून खाली. यावर उपाय म्हणजे स्वर कमी करणं. आठवडाभर फक्त सा, कोमल ग आणि म घ्या आणि त्यांतून छोटे तुकडे बांधा. कधी एकच स्वर दोनदा, कधी मध्ये मोठी जागा सोडून. तीन स्वरांत ज्याला काही म्हणता येत नाही, त्याला सात स्वर देऊन काही फरक पडत नाही.

ओढण्याचा सूर

ब्लूजमध्ये तार ओढणं, म्हणजे बेंड, हा अलंकार कमी आणि बोलीच जास्त आहे. सतारवादक तार ओढून मींड घेतो तेच हे. तिसऱ्या तारेवर सातव्या फ्रेटला डी आहे, आपला म. तिथून पूर्ण स्वर ओढला की प मिळतो. बरोबर ओढला का हे तपासायला आधी दुसऱ्या तारेचा पाचवा फ्रेट वाजवा, तो खरा प. तो कानात धरून मग ओढा आणि दोन्ही जुळतात का ऐका.

अनामिकेनं ओढताना तिच्या मागे मधलं बोट आणि तर्जनी त्याच तारेवर टेकवा, तिघांचा जोर लावा आणि मनगट फिरवा. एकट्या बोटाच्या ताकदीवर ओढणाऱ्याचा सूर बहुतेक वेळा खालीच राहतो. ऐकणाऱ्याला नेमकं काय खटकतंय हे सांगता येत नाही, पण खटकतं. अकॉस्टिक गिटारवर तिसरी तार सहसा गुंडाळलेली आणि जाड असते, तिथं पूर्ण स्वराचा हट्ट धरू नका. इलेक्ट्रिकवर 9 किंवा 10 नंबरच्या बारीक तारा टाकल्या की हे काम सोपं होतं.

बारा बारचं आवर्तन

बार म्हणजे चार मात्रांचा एक विभाग. ब्लूजचं नेहमीचं आवर्तन अशा बारा विभागांचं, म्हणजे एकूण 48 मात्रांचं. पहिले चार बार ए सेव्हन, पुढचे दोन डी सेव्हन, मग दोन ए सेव्हन. नववा बार ई सेव्हन, दहावा डी सेव्हन, अकरावा ए सेव्हन, आणि बारावा पुन्हा ई सेव्हन, समेवर परत आणणारा.

गाण्याचीही रचना यात बसलेली असते. चार बारमध्ये एक ओळ, पुढच्या चारमध्ये तीच ओळ पुन्हा, शेवटच्या चारमध्ये उत्तरादाखल वेगळी ओळ. शिवाय प्रत्येक ओळ साधारण दोन बारमध्ये संपते आणि उरलेले दोन बार गिटार उत्तर देते. सोलो वाजवतानाही हा हिशेब सांभाळा: दोन बार बोला, दोन बार गप्प राहा किंवा स्वतःलाच थोडक्यात उत्तर द्या.

बॅकिंग ट्रॅक, म्हणजे साथीचं तयार ध्वनिमुद्रण, इंटरनेटवरून घेण्यापेक्षा सुरुवातीला स्वतःच मोबाइलवर कॉर्ड वाजवून भरा. मिनिटाला साठ-पासष्ट मात्रांच्या संथ लयीत, तोंडानं बार मोजत. आपण कोणत्या बारमध्ये आहोत याचा पत्ता हरवणं हा सोलोतला सगळ्यांत मोठा अपघात असतो, आणि स्वतः भरलेल्या ट्रॅकवर तो कमी होतो. तयार ट्रॅक घेतलाच, तर तो ए सेव्हनचा आहे की ए मायनरचा ते बघा. नावात नुसतं ए ब्लूज लिहिलेलं असतं आणि आत भलतंच निघतं.

इथे दोन ग येतात

आता खरी गोष्ट. ए सेव्हन कॉर्डमध्ये ए, सी शार्प, ई, जी असे स्वर आहेत: सा, शुद्ध ग, प, कोमल नि. पण आपल्या पेंटॅटॉनिकमध्ये ग कोमल आहे. म्हणजे साथीला शुद्ध ग वाजतोय आणि आपण वर कोमल ग वाजवतोय. ही टक्कर ब्लूजची ओळखच आहे, मात्र ती आपण जाणून केलेली हवी. नकळत झाली तर सोलो साथीपासून तुटल्यासारखा वाटतो.

पाचव्या बारला डी सेव्हन आला की चित्र बदलतं. त्यात डी, एफ शार्प, ए, सी आहेत: म, शुद्ध ध, सा, कोमल ग. मघाशी जो कोमल ग उपरा होता तो आता घरचा झाला, आणि शुद्ध ग उपरा. ब्लूज सोलो समजण्याची किल्ली माझ्या मते या एका अदलाबदलीत आहे.

बोटांवर ती अशी करायची. तिसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटला तर्जनीनं कोमल ग वाजवा आणि पिक न मारता मधलं बोट सहाव्या फ्रेटवर आपटा. झाला शुद्ध ग. याला हॅमर-ऑन म्हणतात. मग चौथ्या तारेच्या सातव्या फ्रेटवर, म्हणजे सा वर या. पहिल्या चार बारमध्ये हा तुकडा वेगवेगळ्या जागी टाका. पाचवा बार लागताच तर्जनी पाचव्या फ्रेटवरच ठेवा आणि मधलं बोट उचललेलं राहू द्या. कोमल ग वर तसंच थांबा.

हे जमतंय का याची परीक्षा सोपी आहे. साथ बंद करून नुसता सोलो मोबाइलवर भरा आणि ऐका. कॉर्ड कुठे बदलली हे साथीशिवाय कळत असेल तर आपण पास. कळत नसेल तर आपण अजून चौकोनातच फिरतोय.

दोन्ही ग एकाच रचनेत, ही गोष्ट आपल्या कानाला नवी नाही. राग जोगमध्ये चढताना शुद्ध ग लागतो आणि उतरताना कोमल. म्हणून जोग ऐकलेल्या माणसाला ब्लूज पटकन ओळखीचा वाटतो. पण दोन्ही एकच आहेत असं म्हणणाऱ्यांपासून सावध राहा. जोगमध्ये कोणता ग कधी येणार हे रागाचं चलन ठरवतं. ब्लूजमध्ये ते खाली बदलणारी कॉर्ड आणि गाणाऱ्याचा गळा ठरवतो.

आणि गळा म्हटलं की तिसरा ग आलाच. ब्लूज गाणारे दोन्ही गंधारांच्या मध्ये कुठेतरी सूर लावतात. गिटारवर तो काढायला पाचव्या फ्रेटचा कोमल ग अगदी किंचित ओढा, शुद्ध ग पर्यंत नेऊ नका. पेटीवर हा सूर नाही. बी. बी. किंग किंवा बडी गाय यांचा कुठलाही संथ ब्लूज लावा आणि हा ग मोजून ऐका. एकदा कानाला कळला की बोट आपोआप तिथे जातं.

मोड म्हणजे काय, भातखंड्यांच्या चष्म्यातून

मोड म्हणजे सात स्वरांची एक मांडणी, ज्यात सा ठरलेला असतो आणि बाकीच्यांपैकी कोण शुद्ध, कोण कोमल, कोण तीव्र हे ठरलेलं असतं. हे वाचून आपल्याला थाट आठवला असेल तर बरोबर आठवला. वाळकेश्वरला 1860 साली जन्मलेले पंडित विष्णू नारायण भातखंडे यांनी हिंदुस्थानी रागांची विभागणी दहा थाटांत केली आणि आपली 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' मराठीत लिहिली. त्या दहा थाटांपैकी सहा थाट आणि गिटारच्या पुस्तकातले सहा मोड यांचे स्वर सारखे आहेत.

बिलावल म्हणजे आयोनियन. खमाज म्हणजे मिक्सोलिडियन. काफी म्हणजे डोरियन. असावरी म्हणजे एओलियन, ज्याला नॅचरल मायनर असंही म्हणतात. भैरवी म्हणजे फ्रिजियन, आणि कल्याण म्हणजे लिडियन. सातवा मोड लोक्रियन. त्यात शुद्ध पंचम नसल्यामुळे त्याच्या जोडीचा थाट नाही. उलट भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी हे थाट त्या सात मोडमध्ये नाहीत.

अर्थात ही ओळख स्वरांपुरतीच. काफी थाटाचे सात स्वर वाजवले म्हणून राग काफी होत नाही. रागाला चलन असतं, वादी-संवादी असतात, न्यासाच्या जागा असतात. गिटारच्या सोलोत आपण फक्त स्वरांचा संच उसना घेतोय, एवढं भान ठेवलं म्हणजे घरातल्या पेटीवाल्याशी भांडण होणार नाही.

सातही मोड शिकवण्याची एक पद्धत फार पसरली आहे: सी मेजर स्केल घ्या, ती डी पासून वाजवली की डोरियन, ई पासून वाजवली की फ्रिजियन, वगैरे. हिशेब खरा आहे, पण शिकणाऱ्याचं त्यात नुकसान होतं. खाली सा धरणारं कुणी नसेल तर कान सी लाच सा मानत राहतो आणि सातही मोड सारखेच ऐकू येतात. बोटं सात ठिकाणी फिरतात, कान जागेवर.

त्याऐवजी तानपुरा ए वर लावा, सा हलवू नका आणि एका वेळी एकच स्वर बदला. बिलावलपासून सुरू करा. नि कोमल केला की खमाज. मग ग कोमल केला की काफी. मग ध कोमल केला की असावरी. शेवटी रे कोमल केला की भैरवी. परत बिलावलवर या आणि म तीव्र करा, कल्याण झाला. प्रत्येक पायरीवर निदान दहा मिनिटं थांबा आणि जो स्वर नुकताच बदलला त्याच्यावर मुद्दाम रेंगाळा. मोडचा रंग त्या एका स्वरात असतो.

थाट बारा बारवर बसवताना

आता दोन्ही धागे जोडू. ए सेव्हनवर खमाज वाजवा. डी सेव्हन आला की काफी. ई सेव्हन आला की बिलावल. तिन्ही थाट ए पासूनच मोजायचे, सा हलत नाही. नीट पाहिलं तर फक्त दोन स्वर हलतायत: डी सेव्हनला ग कोमल होतो आणि ई सेव्हनला नि शुद्ध.

नवे स्वर जुन्या चौकोनात शेजारीच आहेत. शुद्ध रे पहिल्या तारेच्या सातव्या फ्रेटवर. शुद्ध ध दुसऱ्या तारेच्या सातव्यावर. शुद्ध ग तिसऱ्या तारेच्या सहाव्यावर, तो आपण मघाच शिकलो. शुद्ध नि चौथ्या तारेच्या सहाव्यावर, सा च्या एक फ्रेट खाली. बाराव्या बारच्या शेवटी हा नि वाजवून पुढच्या समेला सा वर आलात की आवर्तन पूर्ण झाल्याचं ऐकणाऱ्याला स्पष्ट कळतं.

इथे बहुतेकांचा उत्साह घात करतो. सात स्वर मिळाले म्हणून सातही वाजवायचे, आणि ब्लूज जाऊन त्या जागी स्केलचा सराव ऐकू येतो. मूळ पाच स्वर हा सोलोचा गाभाच राहू द्या. रे आणि ध पाहुण्यासारखे येऊ-जाऊ द्यात. एका आवर्तनात शुद्ध ध एकदा, पण नेमका डी सेव्हनवर वाजला, तर तो दहा वेळा वाजल्यापेक्षा जास्त लक्षात राहतो.

मायनर गाण्यांत ध चा घोळ

हिंदी-मराठी गाण्यांवर सोलो वाजवणाऱ्यांना हा भाग जास्त उपयोगी पडेल. मायनर कॉर्ड दिसली की काहीजण डोरियन लावतात, काहीजण एओलियन, आणि दोन्ही वेळा निम्मा सोलो बेसूर जातो. काफी आणि असावरी यांत फरक फक्त ध चा आहे. कोणता घ्यायचा हे आपल्या आवडीवर नाही, गाण्याच्या दुसऱ्या कॉर्डवर ठरतं.

सान्ताना या बँडचं 1970 सालचं 'ओये कोमो वा' घ्या. मूळ रचना टीटो पुएन्तेची. त्यात ए मायनर सेव्हन आणि डी नाइन या दोनच कॉर्ड आळीपाळीनं येतात. डी नाइनमध्ये एफ शार्प आहे, म्हणजे शुद्ध ध, म्हणून इथे काफी. पण दुसरी कॉर्ड डी मायनर असेल तर तिच्यात एफ आहे, म्हणजे कोमल ध, म्हणून असावरी. आपल्याकडच्या बऱ्याच गाण्यांत ही डी मायनर असते. तिच्यावर शुद्ध ध ताणून धरला की गाणाऱ्याची मान हमखास आपल्याकडे वळते.

मायनर ब्लूजमध्ये ई सेव्हनही येतो, आणि त्यात जी शार्प, म्हणजे शुद्ध नि. तेवढ्या बारपुरता असावरीतला नि शुद्ध करा. ग आणि ध कोमल, नि शुद्ध: ही झाली किरवाणी, गिटारवाल्यांची हार्मोनिक मायनर. बी. बी. किंगचं 'द थ्रिल इज गॉन' मायनर ब्लूजचा उत्तम नमुना आहे. ते बी मायनरमध्ये आहे, म्हणून चौकोन सातव्या फ्रेटवर न्यावा लागेल.

फ्यूजनकडे

फ्यूजनमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या संगीतप्रकारांच्या मिश्रणात, कॉर्ड भराभर बदलतात असा समज आहे. पुष्कळदा उलट असतं. जॅझवादक माइल्स डेव्हिसच्या 1959 सालच्या 'काइंड ऑफ ब्लू' मधली 'सो व्हॉट' ही रचना 32 बारची आहे: सोळा बार डी वरचा काफी, आठ बार अर्धा स्वर चढवून तोच काफी, पुन्हा आठ बार डी. कॉर्डचा आधार काढून घेतला आणि एका थाटात राहून बोलायला सांगितलं, म्हणून ही पद्धत पुढच्या वादकांना इतकी मोकळी वाटली.

त्याच डेव्हिसकडे 1969 मध्ये 'बिचेस ब्रू' च्या ध्वनिमुद्रणाला जॉन मॅक्लॉलिन हा इंग्लिश गिटारवादक होता. त्यानं पुढे महाविष्णू ऑर्केस्ट्रा काढला, आणि मग शक्ती. शक्तीत तबल्यावर मुंबईचे झाकीर हुसेन, व्हायोलिनवर एल. शंकर, घटमवर विक्कू विनायकराम. त्यांच्या पहिल्या अल्बमचं ध्वनिमुद्रण 5 जुलै 1975 रोजी अमेरिकेतल्या एका कॉलेजातल्या मैफलीत झालं. मॅक्लॉलिनच्या अकॉस्टिक गिटारला ध्वनिछिद्रावरून तिरप्या नेलेल्या सात तरफेच्या तारा होत्या, आणि फ्रेटमधलं लाकूड कोरून खोलगट केलेलं होतं, तार सतारीसारखी ओढता यावी म्हणून. चेंबूरमध्ये वाढलेले शंकर महादेवन नंतर या गटात आले. 2023 च्या 'धिस मोमेंट' अल्बमला पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळालं.

आपण सुरुवात एका वॅम्पवर करा. वॅम्प म्हणजे एक-दोन कॉर्डचा पुन्हा पुन्हा फिरणारा तुकडा. ए मायनर सेव्हन आणि डी नाइनवर काफी, हे झालंच. मग ए मेजर सेव्हन धरा आणि त्याच ए च्या आधारावर बी मेजर कॉर्ड आणा. बी मध्ये डी शार्प आहे, आपला तीव्र म. इथे कल्याण खुलतो.

मिश्र थाटांसारख्या काही स्केल याच्या पुढच्या. डी सेव्हनवर डी हाच सा मानून कल्याणमधला नि कोमल केला की वाचस्पती रागाचे स्वर मिळतात. गिटारच्या पुस्तकात त्याला लिडियन डॉमिनंट म्हणतात. बारा बारच्या पाचव्या-सहाव्या बारमध्ये तो वाजवून पाहा, एकदम जॅझचा वास येतो. खमाजमधला ध कोमल केला की चारुकेशी. नावं लक्षात राहिली नाहीत तरी चालेल, कोणता स्वर हलला ते लक्षात ठेवा.

एक आठ स्वरांची स्केल मात्र सांगायलाच हवी. सा पासून अर्धा स्वर, मग पूर्ण, मग अर्धा, मग पूर्ण, असं सप्तकभर चालत राहायचं. ए पासून सा, कोमल रे, कोमल ग, शुद्ध ग, तीव्र म, प, शुद्ध ध, कोमल नि. दोन्ही गंधार शेजारी-शेजारी, आणि शुद्ध मध्यम गायब. ही फक्त चौथ्या बारमध्ये वाजवायची, डी सेव्हन येण्याच्या आधी. तिथे ताण वाढतो आणि पाचव्या बारला म वर उतरलं की सुटतो. रॉबेन फोर्ड हा वादक ब्लूजमध्ये हे फार सफाईनं करतो. चौथ्या बारऐवजी पहिल्याच बारमध्ये कुणी ही स्केल लावली तर ऐकणाऱ्याला नुसता गोंधळ ऐकू येतो.

फ्यूजनमध्ये हमखास राहून जाते ती लय. स्केल पाच आणि लयीचे नमुने दोन, अशी स्थिती असते. यावर आपल्याकडचाच उपाय आहे, तिहाई. तीन मात्रांचा एक तुकडा घ्या, मात्रेला एक स्वर, समजा कोमल ग, शुद्ध ग, सा. अकराव्या बारच्या पहिल्या मात्रेपासून तो तीन वेळा सलग वाजवा. अकरावा आणि बारावा बार मिळून आठ मात्रा होतात, आणि नववा स्वर, म्हणजे तिसऱ्यांदा येणारा सा, नव्या आवर्तनाच्या समेवर पडतो. शेजारी तबला किंवा ढोलकी वाजवणारा असेल तर त्याला हे एका मिनिटात कळेल, आणि पुढच्या तिहाया तोच सुचवेल.

पहिला महिना पट्टी ए च ठेवा. थाटांच्या पायऱ्या आणि दोन गंधारांची अदलाबदल या पट्टीत पक्की झाली, की दुसऱ्या पट्टीसाठी नवं काही पाठ करावं लागत नाही. हाच चौकोन दोन फ्रेट खाली, तिसऱ्या फ्रेटवर नेला की जी, तीन फ्रेट वर, आठव्या फ्रेटवर नेला की सी. बोटांची रचना तीच राहते, तानपुऱ्याची पट्टी तेवढी बदलून घ्या.